साडूंचा जिताडा

आमच्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता, आणि त्यांच्याइतकी लोकांची जेवणावरची वासना कुणी उडवली नसेल. मी विधान करतो ते तोलूनमापून. हिशेबाच्या कामात उमर गेली की माणसाला दुसरी सवय राहत नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाला लागू पडतात हे मी पुन्हा एकदा तपासून पाहिलं आणि मगच लिहायला बसलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. रेवसच्या धक्क्यापासून पायी तासाभरावर खाडीच्या काठी आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात ते शरीरशास्त्र आणि निसर्गशास्त्र शिकवत. पण फक्त हायस्कुलात शिकवत असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. पंगतीत शेजारच्याच्या पानात दुसरा लाडू पडला की ते वाकून हळूच सांगत, "पहिला अजून जठरातच आहे हं, पुढे सरकलेला नाही." शेजारचा लाडू तसाच ठेवून ताक मागायचा. माझ्या पुतणीला बघायला उरणहून माणसं आली तेव्हा वडीलधारे म्हणून आम्ही यांना पुढे बसवलं. बाकीचे मुलाच्या नोकरीची चौकशी करत होते आणि हे मुलाच्या कानाकडे टक लावून होते. चहा आला तसे म्हणाले, "मुलाच्या कानाची पाळी चिकटलेली आहे, वडिलांची सुटी आहे. आईसाहेबांची कशी आहे?" आईसाहेब डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो आणखी पुढे ओढला आणि मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मंडळी गेल्यावर साडू मलाच विचारत होते, "आनुवंशिकतेचा साधा प्रश्न, साडूभाऊ. त्यात रागावण्यासारखं काय होतं?" पुतणीचं लग्न पुढल्या वर्षी दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं, एवढं इथे नोंदवून ठेवतो. त्या बैठकीला साडूंना बोलावलं नव्हतं.

शाळेत हाडांचा सांगाडा नव्हता. कमिटीकडे मागणी करकरून ते थकले आणि शेवटी सदऱ्याची बटणं सोडून स्वतःच वर्गापुढे उभे राहू लागले. अंगावर मांस असं नव्हतंच. पोरं फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्यांच्या फासळ्या चटकन मोजत, आणि कमिटीचा सांगाड्याचा खर्च कायमचा वाचला. भाद्रपदात गावातली जास्वंद गणपतीच्या आधी त्यांच्या वर्गात जायची. देवळातले गुरुजी म्हणत, "मास्तर, देवासाठी एखादं तरी न फाडलेलं ठेवा." साडू प्रामाणिकपणे एक ठेवत.

पण त्यांचा खरा जीव मासळीत. घरात आलेला बांगडा असो की मांदेली, अक्कांच्या विळीआधी ती साडूंच्या पाटावर जायची. ते एकेक भाग बाजूला काढून मांडत, आणि तोवर चुलीवरचं वाटण आटत असे. अक्का आतून म्हणायच्या, "तुमची परीक्षा संपली की मासा इकडे पाठवा, आम्हाला जेवायचं आहे." बाजारातल्या कोळणी त्यांना चांगल्या ओळखून होत्या. ताजा मासा बाजूला सारून एखादी म्हणायची, "मास्तर, ह्यो घ्या. ह्याचा पोट कसा फुगलाय बघा. काय तरी हाय आत." आणि मास्तर तोच घेत.

शरीरशास्त्राच्या पुस्तकातला शेवटचा धडा प्रजननाचा. आसपासच्या सगळ्या शाळांत तो 'घरी वाचून या' या एका वाक्यात संपत असे. साडू तो गाबोळीवरून शिकवत. माशाच्या पोटातली अंडी तळून खाल्ली नाहीत असं पोर आमच्या किनाऱ्यावर नाही. ओळखीच्या वस्तूला लाजायचं कशाला, हा त्यांचा हिशेब. आमची थोरली मुलगी त्यांच्याच वर्गात होती. तिने घरी येऊन तो धडा आईला जसाच्या तसा सांगितला, आणि आईने मान खाली न घालता ऐकला. मला तरी त्यात काही गैर दिसलं नाही.

आता जिताड्याविषयी सांगायला हवं. खाडीतला हा मोठा, चविष्ट मासा. आमच्याकडे सरकारदरबारी काम असलं की माणूस अर्जाबरोबर जिताडा घेऊन साहेबाच्या दारी जातो. अर्ज विसरला तरी चालतो. साडूंनी वर्षानुवर्षं जिताडे उघडून पाहिले होते आणि एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. लहान जिताडा उघडला की नर निघतो, मोठा उघडला की गाबोळीच निघते. मोठा नर त्यांना कधी मिळाला नाही आणि लहान मादीही मिळाली नाही. "मग मोठे नर जातात कुठे, साडूभाऊ? आणि माद्या लहान असताना असतात कुठे?" असं ते मला विचारत. मी म्हणायचो, तुमचे आकडे बरोबर असतील तर उत्तर एकच निघतं. ते खूश होऊन म्हणायचे, "तेच. मासा एकच आहे. आधी तो नर असतो, मग मादी होतो."

अकरावीच्या मुलांना मॅट्रिकला शरीरशास्त्र घेता यावं म्हणून शाळेला खात्याची परवानगी हवी होती. साडूंनी त्यासाठी मुंबईची एक चांगली नोकरी सोडली होती. अक्कांना सांगितलं होतं, एकदा इथली मुलं या विषयात मॅट्रिक झाली की माझं काम झालं. परवानगी द्यायची की नाही ते ठरवायला इन्स्पेक्टर साहेब येणार होते. भाताच्या गिरणीचे मालक शाळेचे चिटणीस. त्यांनी रिवाजाप्रमाणे भला मोठा जिताडा आणवला. दुपारी डाकबंगल्यावर साहेबांच्या जेवणात तो जायचा होता. शाळेत सगळ्यात गार जागा म्हणजे विज्ञानाच्या खोलीतली पाण्याची दगडी डोणी, म्हणून शिपायाने तो तिथे ठेवला आणि पाट्या पुसायला निघून गेला.

साडू वर्गावर आले आणि त्यांना तो दिसला. इतकी वर्षं सांगाडा न देणाऱ्या कमिटीने ऐन तपासणीच्या दिवशी एवढा मोठा नमुना पाठवला, असाच त्यांनी अर्थ लावला. पोरांना म्हणाले, "कमिटीला उशिरा का होईना, सुचलं." दुसऱ्या कुठल्याही मास्तरला शाळेतला जिताडा बघून साहेबाचं जेवण आठवलं असतं. यांना धडा आठवला.

साहेब आणि चिटणीस दारात आले तेव्हा जिताडा पाटावर उघडा पडला होता आणि साडू गाबोळीकडे काडी दाखवत उभे होते. चिटणिसांचा चेहरा कसा झाला ते आमच्या थोरलीने घरी येऊन करून दाखवलं. साहेब सभ्य होते. त्यांनी काय चाललंय ते विचारलं. साडूंना तेवढंच पुरे होतं. धडा बाजूला ठेवून त्यांनी आपला सगळा सिद्धांत मांडला.

चिटणिसांना मासा गेल्याचा राग होताच. ते म्हणाले, "म्हणजे मास्तर, आज आम्ही धोतर नेसतो, आणखी वाढलो की लुगडं नेसायचं म्हणता?"

वर्ग हसला. साहेबही हसले. साडूंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तुमचं मला सांगता येणार नाही. मी फक्त जिताडे पाहिले आहेत."

परवानगी आली नाही. शिक्षक विषय सोडून भलतं शिकवतात आणि ते मुलींपुढे शिकवण्याजोगं नाही, असं चिटणिसांनी कमिटीला सांगितलं आणि कमिटीने ते मान्य करून खात्याला कळवलं. ज्या कमिटीत एकानेही तो धडा उघडून पाहिला नव्हता, तिने तो अश्लील ठरवला. साडूंना हस्ताक्षर आणि चित्रकला दिली. उघडलेला जिताडा मात्र वाया गेला नाही. तो तसाच डाकबंगल्यावर गेला, आणि इतका स्वच्छ साफ केलेला मासा आजवर पाहिला नाही असं तिथला आचारी म्हणाला. गाबोळी वेगळी तळून दिली. साहेबांनी ती पुन्हा मागून घेतली.

गाव सभ्य माणसाला सहज सोडत नाही. साडू बाजारातून जाऊ लागले की पारावरून कुणीतरी विचारायचं, "मास्तर, अजून नरच ना?" चिटणिसांचे गिरणीवाले तर रोज विचारत. साडू पहिल्यांदा थांबून खरं उत्तर देत. पुढे थांबेनासे झाले. मग बाजारात येईनासे झाले. अक्का मासळी घेऊन आल्या की ते म्हणत, "कापून टाक, त्यात काय बघायचंय." आणि अक्का, ज्यांनी जन्मभर त्या पाटाला शिव्या दिल्या, विळी घेऊन उगाच थोडा वेळ बसून राहत. निवृत्तीच्या वयाआधी साडूंनी शाळा सोडली आणि आतल्या बाजूला, तळे गावी, अक्कांच्या माहेरच्या जागेत जाऊन राहिले. तिथे समुद्राचा मासा क्वचितच पोचतो. मला वाटतं, म्हणूनच ती जागा निवडली.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. रेवसला चांगला मोठा जिताडा मिळाला. कोळणीला सांगितलं, पोटाला हात लावू नकोस. बर्फ, भुसा आणि गोणपाटात बांधून एस्टीने नेला. वाटेत एका सहप्रवाशाने विचारलं की कुठल्या साहेबाकडे काम आहे. मी म्हटलं, काम नाही, साडूंना नेतोय. त्याचा विश्वास बसला नाही.

साडू आणखी वाळले होते. त्यांनी जिताडा पाहिला आणि नको म्हणाले. अक्का पाट घेऊन आल्या, त्यांच्यापुढे ठेवला आणि आत गेल्या. साडूंनी चष्मा पुसून सुरी घेतली. चीर सरळ गेली. आत पिवळीधमक गाबोळी होती.

मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमचंच बरोबर."

त्यांनी गाबोळी बोटाने हलकेच बाजूला सारली, खाली काही दिसतंय का ते पाहिलं, आणि हात पुसले.

"नर निघायला हवा होता," ते म्हणाले. "आपण चुकलो होतो असं समजून आज शांत झोपलो असतो."