ओरोर मिशोचा खांदा

ओरोर मिशो कुणालाही पहिल्यांदा भेटली की आधी नाव सांगायची आणि नावामागोमाग पिंपं. बाराव्या वर्षी दिवसाला सत्तर पिंपं बटाटे वेचले, दोन्ही भावांना मागे टाकून. सेंट जॉन नदीच्या त्या खोऱ्यात यात कुणाला बढाई वाटत नसे. सप्टेंबरात शाळांना तीन आठवडे सुट्टी मिळायची ती बटाटे वेचण्यासाठीच. पहाटेच्या दहिवरात कुडकुडत, ओल्या मातीत गुडघे टेकून टोपली भरायची, पिंपात रिकामी करायची आणि पिंपावर आपल्या नंबरचं तिकीट खोचायचं. पुढे माणूस शिक्षक होवो, पाद्री होवो की ट्रक चालवो, त्याची किंमत गावात बरीचशी त्या तिकिटांवरच ठरलेली असे. लग्नाची बोलणी करायला आलेल्या होणाऱ्या नवऱ्याच्या, रोझेअरच्या आईनेही तिला तेवढंच विचारलं होतं, आणि आकडा ऐकून समाधानाने कॉफी प्यायली होती.

चोविसाव्या वर्षी ती नदीकाठच्या बटाट्याच्या कारखान्यात लागली. गोठवलेल्या बटाट्याची खोकी पट्ट्यावरून उचलायची आणि एकावर एक रचायची. अशी तिने तीसहून जास्त वर्षं काढली. मग गेल्या फेब्रुवारीत पट्टा अडकला, वरची थप्पी कलली आणि पलीकडे वाकलेल्या नव्या मुलीच्या डोक्यावर येऊ लागली. ओरोरने उजवा हात वर केला. मुलगी वाचली. ओरोरच्या खांद्यातले स्नायू हाडापासून सुटले. शस्त्रक्रिया झाली, पण हात छातीच्या वर जायचा थांबला तो थांबलाच. केस विंचरायला रोझेअर लागायचा, आणि रोझेअरला भांग पाडता येत नव्हता.

भरपाई मागितल्यावर कारखान्याच्या विमा कंपनीने तिला आपल्या डॉक्टरकडे बँगोरला पाठवलं. डॉक्टर गोड बोलायचा. हात वर-खाली करून बघताना त्याने सहज विचारलं, लहानपण कुठे गेलं, काय काय केलं. खोऱ्यातल्या माणसाने करावं तेच ओरोरने केलं. तिने पिंपं सांगितली. तो कौतुकाने मान हलवत होता, म्हणून तिने टोपलीचं वजनही सांगितलं, आणि भरली टोपली एका हाताने कशी उपडी करायची तेही डाव्या हाताने करून दाखवलं. परतताना गाडीत ती रोझेअरला म्हणाली, भला माणूस आहे, सगळं ऐकून घेतलं.

त्या भल्या माणसाने लिहिलं की, हा खांदा बालपणापासूनच्या श्रमांनी आधीच झिजलेला होता; कारखान्यातला अपघात हे केवळ निमित्त.

त्या एका वाक्यावर विमा कंपनीने मागणीचा तिसरा हिस्सा देऊ केला. शिवाय अट घातली की, यापुढच्या उपचारांचा खर्च तिचा तिने बघायचा. तिचे डॉक्टर तर सांगत होते की आणखी एक शस्त्रक्रिया लागेल. त्या पैशात ती करून घेतली तर हप्ते थकून घर जाणार होतं, आणि घर राखलं तर हात.

तिची वकील केरी डनम पोरसवदा होती, पण मन लावून काम करायची. स्वयंपाकघरात बसून, ओरोरच्या मुलीने भाजलेल्या कुट्टूच्या प्लॉयवर, म्हणजे तिकडच्या धिरड्यावर, लोणी फासत तिने एक वाट सुचवली. इकडे सगळेच आकडे फुगवून सांगतात, हे कुणालाही पटेल. तुम्हीही गमतीने फुगवलात, खरं तर तुम्ही फार वेचलेच नाहीत, एवढं म्हटलं की त्या वाक्याचा पायाच निघून जाईल.

रोझेअर हसला. "सांग की. सदतीस वर्षं मलाही संशय आहेच."

ओरोर हसली नाही. "पोरी, तू चांगली आहेस," ती केरीला म्हणाली. "पण मी सत्तर वेचले. ते मी पुसायचे, आणि ते कशासाठी? त्यांनी माझ्या हाताचे पैसे द्यावेत म्हणून? माझा हात त्यांच्याकडे मोडला. खोटं बोलायची पाळी माझ्यावर का?"

केरी म्हणाली, मग मला दुसरं काहीतरी द्या. त्या रात्री आणि पुढच्या दिवशी ओरोरच्या आत काहीतरी मंद आचेवर शिजत होतं.

तडजोडीची बैठक कॅरिबूला होती. लांब टेबलाच्या एका बाजूला ओरोर आणि केरी, समोर विमा कंपनीचे हॅलोरन, आणि त्यांच्या शेजारी कारखान्यातर्फे नॉर्मंड पेल्तिए. मध्ये मध्यस्थ म्हणून नेमलेल्या एक वयस्क बाई. नॉर्मंड आता व्यवस्थापक होता. एके काळी मुकादम होता. रविवारी चर्चमध्ये तो ओरोरच्या पुढच्या बाकावर बसायचा. आज त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

हॅलोरन मृदू आवाजात बोलले. मिसेस मिशोंच्या कष्टांबद्दल आदरच आहे, असं त्यांनी दोनदा म्हटलं. पण ज्या शेतांनी तो खांदा झिजवला त्यांचा भुर्दंड कारखान्याने का सोसावा, असा त्यांचा प्रश्न होता. केरी उत्तर द्यायला लागली तेव्हा ओरोरने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नॉर्मंड," ती म्हणाली, "मी नोकरी मागायला आले तेव्हा तू मला काय विचारलंस?"

हॅलोरन म्हणाले, इथे प्रश्न मध्यस्थांमार्फत विचारले तर बरं. बाई म्हणाल्या, मग मी विचारते. काय विचारलं होतं, मिस्टर पेल्तिए?

नॉर्मंडने घसा खाकरला. इतक्या वर्षांपूर्वीचं कसं आठवेल, म्हणाला.

"तू सगळ्यांना तेच विचारायचास. माझ्या बहिणीला विचारलंस, तिने तीस सांगितले, तू तिला घरी पाठवलंस. अजून ती नाताळात तुझ्या नावाने बोटं मोडते." ओरोरचा आवाज चढला नव्हता. "मी सत्तर सांगितले आणि तू म्हणालास, उद्यापासून ये. हा खांदा पसंत करून घेतलात तुम्ही. बैल घेताना बघतात तसा बघून घेतलात. तीस वर्षं तो झिजलेला नव्हता, तेव्हा तो दणकट होता. मोडल्यावर तुम्हाला माझं बालपण आठवलं?"

हॅलोरननी नॉर्मंडच्या बाहीला बोटं लावली; गप्प बसावं असा त्याचा अर्थ होता. नॉर्मंडला निवृत्त व्हायला थोडाच अवधी उरला होता. त्याने त्या बोटांकडे पाहिलं, मग पहिल्यांदा ओरोरकडे.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "पिंपंच विचारायचो. दुसरं काही बघायचोच नाही आम्ही." तो पुढे म्हणाला, "आणि त्या मुलीचं डोकं फुटलं असतं. तेही लिहून घ्या."

हॅलोरननी फायली गोळा केल्या आणि थोडा वेळ मागितला. मग दोन्ही बाजू वेगळ्या खोल्यांत बसल्या आणि मध्यस्थ बाई दुपारभर ये-जा करत राहिल्या. आकडा वर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. केरीने दोनदा नकार पाठवला. तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा मागणीपेक्षा थोडीच कमी अशी रक्कम होती, आणि पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीवरच राहत होता. केरी म्हणाली, हे न्याय्य आहे, घ्या. ओरोरने तिच्याकडून शेवटची ओळ पुन्हा वाचून घेतली, आणि उजव्याने लिहिताना खांदा ठणकायचा म्हणून डाव्या हाताने, शाळकरी पोरीसारखी वाकडीतिकडी सही केली.

सगळे उठले. हॅलोरन टेबलाला वळसा घालून आले. चांगला शेवट झाला, कुणाच्या मनात काही राहू नये, असं म्हणत त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला.

ओरोरला कोपरापासून हात पुढे करता आला असता. तेवढा तो जात होता. ती त्या पुढे आलेल्या गुबगुबीत हाताकडे बघत राहिली, तो मागे जाईपर्यंत. मग तिने केरीला कोट धरायला सांगितलं.