इंजिनामागचा बोल्ट

अंगानं किरकोळ, म्हणून तिला सगळे काडी म्हणत. नवरा गेल्यावर ती सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये काम शिकली. बाईमाणसानं गाड्यांखाली शिरावं हे सासऱ्यांना पटलं नव्हतं. पण संधिवातानं त्यांची बोटं सुजली आणि अडचणीच्या जागी काडीचाच हात पोचू लागला, तेव्हा ते बोलायचे थांबले.

त्या सकाळी डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करणारी जुनी व्हॅन ढकलत आणली गेली. इंजिन चालू करणारा स्टार्टर गेला होता, तो काढायचा होता. त्याचा खालचा बोल्ट मुकाट्यानं सुटला. वरचा मात्र इंजिनामागच्या फटीत दडलेला, दिसतही नव्हता. पुढचं चाक काढून काडी गाडीखाली सरकली. "माणसं ताटकळलीत हो," असं म्हणत ड्रायव्हरनं घायकुतीला आणलं होतं. त्या गडबडीत जॅकशेजारी ठोकळे लावायचे राहून गेले.

खांद्यापर्यंत हात वर घालून तिनं बोटांनी चाचपलं.

"सापडला, मामंजी."

तेवढ्यात गाडी करकरली. जॅक बसत चालला होता. तिनं हात ओढला, तर बाही कशात तरी अडकलेली. लोखंड छातीला टेकलं.

"गाडी खाली येतेय," ती कशीबशी म्हणाली.

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण आवाज चढला नाही. "हलू नकोस, पोरी. मी आहे." काढून ठेवलेलं चाक त्यांनी आडवं करून गाडीखाली सारलं. ते अर्ध्यावरच अडलं. ड्रायव्हर धावला. दोघांनी जीव खाऊन रेटलं, तेव्हा कुठे चाक आत गेलं. गाडी त्यावर दबली आणि थांबली.

काडीनं दुसऱ्या हातानं बाही टरकावली आणि सरपटत बाहेर आली. कोपर सोललं होतं.

"चूक माझी," सासरे म्हणाले. "राहू दे तो बोल्ट."

"आता जागा कळलीय. आधी ठोकळे लावा."

त्यांनी दुसऱ्या जॅकनं गाडी उचलून ठोकळे लावले, स्वतः गाडी हलवून पाहिली, पुन्हा पाहिली. मग पुन्हा गाडीखाली सरकून तिनं लांब दांडीचा पान्हा आत सरकवून त्याचं तोंड बोटांनी बोल्टवर बसवलं. दांडीचं दुसरं टोक बाहेर सासऱ्यांच्या हातात होतं.

"घट्ट धरलंय. फिरवा, पण हळू."

दांडी वाकली. काडीनं डोळे मिटले. कट्‌ असा आवाज झाला.

"तुटला?" सासऱ्यांनी विचारलं.

तिनं बोटानं बोल्ट फिरवून पाहिला. तो गरागरा फिरत होता.

"सुटला," ती म्हणाली, आणि गाडीखालीच तिला रडू कोसळलं.