उस्तादांच्या काखेतला कनेक्टर

आधी माफी मागतो. ज्यांनी आयुष्य फौजेत घातलं, त्यांनी लिहावं. मी चारच वर्षांचा शिपाई, आता हिंगोलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षात. आमच्या तांड्यावरून कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याची सवय नाही. पण हवालदार सोपान ढवळे यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे.

आमची सिग्नलची तुकडी उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. सकाळी बर्फ काढायचं, अँटेना साफ करायचा, जनरेटर बघायचा. फौजेत शिकवणाऱ्या सीनियरला उस्ताद म्हणतात. ढवळे उस्ताद आमच्याच हिंगोलीकडचे, कुरुंद्याचे. इतरांशी हिंदी, माझ्याशी गावची बोली. "शिरड शहापूरकडलं पोरगं तू, अन् थंडीला भेतं काहून?" म्हणायचे.

सॅटेलाइटची लिंक एका कॉम्प्युटरवर चालायची. उंचावर हवा विरळ, ती उष्णता कमी वाहून नेते. बाहेर बर्फ असलं तरी यंत्र आतून तापतं. त्यामुळे त्याला तापमानाचा सेन्सर असतो. सेन्सरकडून आकडा आला नाही, की यंत्र स्वतःला बंद करतं.

एका सकाळी ते बंद पडलं. सेन्सर गेला होता. रेडिओवर नुसती खरखर. शेजारच्या बंकरमध्ये शिपाई दिनेश नेगीच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. ओठ निळे पडले होते. हेलिकॉप्टर मागवायला ही लिंकच उरली होती, आणि दुपारी ढग उतरले की उड्डाण बंद.

स्पेअर सेन्सर एकच होता. त्याच्या तारांचा कनेक्टर यंत्रात बरोबर बसत होता.

"लाल तारेसमोर लाल आली, उस्ताद," मी म्हणालो.

"रंग काय, तार बनवणाऱ्यानं दिलाय. करंट रंग बघून न्हाई वाहत. मीटर दे."

यंत्र बंद पडलं तरी त्याच्या बोर्डात करंट होता; त्यांनी आधी बोर्डाच्या पिना मीटरनं तपासल्या. कुठली प्लस, कुठली ग्राउंड. मग पॉवर बंद करून सेन्सरची एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. या केबलमधली लाल तार ग्राउंडची निघाली. तशीच जोडली असती, तर सेन्सर जळला असता.

कॅप्टनसाहेब दारात आले. "उस्ताद, कितना टाइम?"

"दो पिन बदलनी हैं, साहब. प्लास्टिक ठंड से कड़क है, टूट जाएगा. पहले गरम करूंगा."

"हीटर?"

"बगल है, साहब."

त्यांनी कनेक्टर जॅकेटच्या आत काखेत धरला आणि ते शांत बसले. भिंतीपलीकडे नेगीचा श्वास ऐकू येत होता. मी उस्तादांकडे बघत राहिलो. माणूस इतका स्थिर बसू शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मग हातमोजे काढून त्यांनी सुईनं पिना उचकटल्या, जागा बदलल्या आणि पुन्हा मीटर लावला. पुन्हा! मगच जोडणी केली.

स्क्रीनवर तापमान आलं. पंखा घुमला. लिंक लागताच उस्ताद माइकवर बोलले.

"पोस्ट टू बेस. कॅज्युअल्टी एक, सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"बेस. रॉजर. तैयार रखो. ओव्हर."

ढगांच्या आधी हेलिकॉप्टर आलं. नेगीला चढवलं. उस्तादांची बोटं थंडीनं पांढरी पडली होती. "लेकरू जगलं पायजे रे," एवढंच बोलले.

त्याच आठवड्यात माझी खाली बदली झाली. पुढं चार वर्षांची नोकरी संपली. नेगीचं काय झालं, ते कळलं नाही.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "मैं दिनेश नेगी. पहचाना?"

मी वर्गाबाहेर धावलो. "उस्ताद को बताया कि तू ठीक है?"



"उस्ताद नहीं रहे, भाई. टूटी केबल देखने निकले थे, ऊपर से बर्फ आ गई. मैं उसी पोस्ट पर वापस था. मैंने ही उनको बाहर निकाला."