दुपारचं पाणी

दत्ताराम गेल्याचं मला त्याच्या सुनेनं सांगितलं. वैशाली हॉस्पिटलमधून तडक आली होती, घराच्या किल्ल्या अजून तिच्या मुठीत होत्या. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "त्रास नाही झाला. झोपेतच…" मी तिच्याकडे बघायला हवं होतं. पण माझी नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजच्या खिडकीकडे. तिथे दत्तारामचे मिरचीच्या रोपांचे डबे ओळीनं ठेवलेले होते. प्रत्येक डब्यात एक आईस्क्रीमची काडी खोचलेली, तिची लाल रंगवलेली बाजू बाहेर. लाल बाजू बाहेर म्हणजे आजचं पाणी घालून झालंय. माती मात्र सुकून पांढरी पडली होती, कारण तो अॅडमिट झाल्यापासून त्या काड्या कोणी फिरवल्याच नव्हत्या.

याला आता दोनेक महिने होतील. आमच्या बिल्डिंगमध्ये दत्तारामबद्दल सगळे चांगलंच बोलतात. फक्त बोलणं संपता संपता कोणीतरी हळूच म्हणतं, "शेवटी शेवटी विसरायला लागले होते बिचारे." ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे माहीत असलेला मी एकटाच होतो, म्हणून हे लिहितोय.

परळच्या खोल्या विकून आम्ही दोघं इंद्रलोकच्या या बिल्डिंगमध्ये आलो ते योगायोगानं एकाच मजल्यावर, समोरासमोर. मी विमा कंपनीत कारकून, तो वीज खात्यात मीटर रीडर. उभी नोकरी त्यानं लोकांच्या जिन्याखाली वाकून काढली होती आणि त्यातलं काही म्हणून तो विसरला नव्हता. गप्पांत एखादं आडनाव निघालं की तो डोळे मिटून सांगायचा, "त्यांचा मीटर मोरीच्या भिंतीला. वर कबुतराचं घरटं. म्हातारी दार उघडायची नाही, आतूनच आकडा ओरडायची." माणसाला कशाचा तरी अभिमान असतो, दत्तारामला स्मरणशक्तीचा होता.

रिटायर झाल्यावर तो मिरच्यांच्या मागे लागला. समुद्राकाठच्या चौक गावातल्या मासळीवालीकडून मागून आणलेला थर्मोकोलचा खोका, त्यात बोटानं ओढलेल्या रेघा, आणि त्या रेघांत सुक्या मिरचीतलं बी. रोपं वर आली की रोज थोडा थोडा वेळ उन्हात, मग आत. पानं चांगली सुटेपर्यंत तो रोप हलवायचा नाही. हलवायच्या आधी दोन दिवस तर पाणीही तोडायचा. मला वाटायचं, छळतोय कशाला एवढ्याशा रोपाला. तो म्हणायचा, "जरा तहान लागू दे. तहान लागली की मुळं खाली जातात." मग एकेक रोप रंगाच्या रिकाम्या डब्यात, आणि डबे पॅसेजच्या खिडकीत, कारण त्याच्या घरात दुपारचं ऊन यायचं नाही. मजल्यावरच्या चारही घरांत त्याच्या मिरच्या जायच्या.

माझी बायको सुधा गेली, त्या वर्षी त्यानं मला खोक्यातली सहा रोपं दिली. "घरात काहीतरी हिरवं असू दे, सुरेश," एवढंच म्हणाला. मी घाई केली. पानं धड सुटायच्या आधीच ती रोपं मोठ्या कुंड्यांत लावली आणि भर उन्हात ठेवली. दोन दिवसांत सगळी आडवी झाली. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर तो विषय निघाला, तेव्हा दत्ताराम हसत हसत म्हणाला, "अहो, सुरेशच्या हाताखाली काही जगतच नाही." बाकावर हशा झाला. शहाभाई म्हणाले, "इनको तो प्लास्टिक का पौधा दे दो." सुधाचं सगळं दुखणं मी याच हातांनी काढलं होतं. दत्तारामच्या ते लगेच लक्षात आलं असावं, त्याचा चेहरा पडला. पण मी उठून वर निघून गेलो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं.

समोरासमोर राहून न बोलणं फार अवघड असतं. तो दार उघडताना आवाज आला की मी थांबायचो. तो लिफ्टमध्ये शिरला की मी जिन्यानं जायचो. दुपारी मात्र तो झोपायचा आणि पॅसेज माझा एकट्याचा असायचा. अशाच एका दुपारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तर त्याच्या मिरच्यांची सगळी पानं मलूल होऊन खाली लोंबत होती. मला वाटलं, याचं लक्ष नाही, झाडं तहानेली आहेत. मी आतून पाण्याचा मग भरून आणला आणि प्रत्येक डब्यात घातला. संध्याकाळी बघतो तर पानं ताठ. सुधा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझ्या हाताखाली काही जगत नाही म्हणतो… त्याचीच झाडं मी जगवत होतो, आणि त्याला पत्ताही नव्हता. मग मी रोज दुपारी पाणी घालू लागलो. उन्हाच्या वेळी मिरची माना टाकतेच आणि ऊन उतरलं की आपली आपण उभी राहते, हे मला ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी फुलं गळायला लागली. पानं पिवळी पडली, दोन झाडं बुडातून कुजून कलंडली. दारामागून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"वैशाली, तू घालतेस का गं पाणी?"

"मला कुठे वेळ आहे बाबा? तुम्हीच घातलं असेल."

"मी काल घातलं. आज नाही घातलं. मग माती ओली कशी?"

"आज घातलं असेल, आणि विसरला असाल. चालायचंच."



मी तेव्हाच हात आवरायला हवा होता. पण मला वाटायचं, झाडं आजारी आहेत म्हणजे त्यांना जास्तच पाणी हवं. शिवाय खोटं कशाला बोलू, त्याचा तो गोंधळ ऐकताना मनात कुठेतरी गोडही वाटायचं.

एका सकाळी त्यानं माझं दार वाजवलं. इतक्या महिन्यांनी. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. दाढी वाढलेली होती. "सुरेश, तुझा राग मला कळतो," तो म्हणाला. "त्याचं नंतर बोलू. मला एकच सांग. तुझं दार समोर आहे. मी दिवसातून किती वेळा पाणी घालतो रे? तू बघितलंयस का मला दोनदा घालताना?"

त्याच्या हाताच्या बोटाला ओली माती लागलेली होती. मी खरं सांगितलं असतं तर तो हसला असता, चार शिव्या घातल्या असत्या, आणि आम्ही चहा प्यायलो असतो. हे मला त्या क्षणीही कळत होतं. तरी मी म्हणालो, "मी काही बघत बसत नाही. वय झालं आपलं. होतं असं."

तो मान हलवून परत गेला.

त्या दिवसापासून मी पाण्याला हात लावला नाही. आठवड्याभरात डब्यांत काड्या आल्या. एका बाजूला लाल रंग, पाणी घातलं की लाल बाजू बाहेर, रात्री झोपताना परत आत. झाडं सुधारली, नवी फुलं धरली. दत्ताराम मला जिन्यात गाठून म्हणाला, "काडीमुळे जमतंय रे आता." तेव्हापासून आम्ही परत बोलायला लागलो. मीही हसून म्हटलं, "बघ, उपाय सापडला ना."

मग ती काडीची सवय घरभर पसरली. गोळ्यांच्या डबीला दोरा, गॅसच्या बटणाला चिकटपट्टी. आधी तो एकटाच बसनं चौकला जाऊन मासळी आणायचा, आता मला बरोबर घेऊ लागला. बसमध्ये खिशातलं तिकीट चाचपून म्हणायचा, "काढलं ना आपण तिकीट?" मी म्हणायचो, "काढलं." मग तो खिडकीतून समुद्राकडे बघत राहायचा. बाकावरच्या गप्पांत कोणाचं आडनाव निघालं तरी त्यानं डोळे मिटणं सोडून दिलं होतं. "असेल बाबा, आता भरवसा नाही," म्हणायचा. त्याच्याशेजारी बसून मी किती वेळा तोंड उघडलं असेल… पण समेट झालेला होता, आणि तो मला मोडायचा नव्हता. घरी परतल्यावर बोलायला मला दुसरं होतं कोण?

शेवटी त्याला हृदयानं नेलं. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं.

तेराव्यानंतर वैशालीनं डबे मला दिले. दोघंही नवराबायको कामाला जातात, बघणार कोण, म्हणाली. गेल्या आठवड्यात मी तिच्या दारात जाऊन, आता इथे लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं. ती कडीवर हात ठेवून ऐकत होती.

"बाबा रोज रात्री माझ्या माहेरच्या माणसांची नावं म्हणायचे, काका," ती म्हणाली. "मोठ्यांपासून लहानांपर्यंत. मला सांगायचे, चुकतो का बघ." जरा थांबून म्हणाली, "एकदाही चुकले नाहीत. मला वाटायचं, पाठ करून येतात."

मी म्हणालो, "डबे परत आणून ठेवतो."

"राहू द्या. पाणी तेवढं बघून घाला."

दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

डबे आता माझ्या खिडकीत आहेत. सकाळी पाणी घालतो आणि काडी फिरवतो. दुपारी झाडं माना टाकतात. तेव्हा मी समोर खुर्ची घेऊन बसतो, हात गुडघ्यांवर ठेवून, काहीही न करता. पलीकडच्या विंगमागे ऊन गेलं की एकेक पान सावकाश वर येतं. सगळी उभी राहिली की मातीत बोट घालून बघतो. ओली असते. काडीची लाल बाजू बाहेरच असते… आणि समोरच्या दारातून कोणी विचारत नाही, "सुरेश, मीच घातलं ना रे?"