शंभर वेळा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण सुभेदार शिर्के साहेबांचे. सैन्याच्या रुग्णालयात मी नर्सिंग असिस्टंट होतो, ते वॉर्डचे जेसीओ, माझे वरिष्ठ. जखमी जवानाचा आखडलेला सांधा कसा हलवायचा, हे त्यांनी शिकवले. बाहेरून बी.ए.चा फॉर्मही त्यांनीच भरायला लावला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

निवृत्तीनंतर गावी, उमेळ्याला परतलो. रोज ०९०० वाजता जवळच्या वटार गावी माजी हवालदार इनासकाकांना व्यायाम द्यायला जायचो. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात आखडला होता.

"दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिनाला, बस्त्यावच्या कबरीवर सॅल्यूट द्यायचाय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. नाईक बस्त्याव त्यांच्याच गावचा. सीमेवरच्या चौकीत त्यांच्या शेजारी गोळी लागून पडला. त्या दिवसाला सहा आठवडे होते.

माझा एक हात त्यांच्या कोपराखाली, दुसरा मनगटाला. खांदा दहा वेळा, कोपर दहा वेळा. दुखले की थांबायचे.

तिसऱ्या आठवड्यात खांदा सुजलेला दिसला. मनगटावर दोरीचा वळ होता. काकांनी तोंड फिरवले. सून रोझी दारात उभी होती.

"हे तुमच्या व्यायामाचं ना, दादा?"

"मी दोरी वापरत नाही, वहिनी."

"मग काय, मी बांधून ठेवते पप्पांना?"

मी तिच्या हातांकडे पाहिले. तिला ते समजले.

"उद्यापासून येऊ नका."

माझा संशय पक्का झाला. दुसऱ्या दिवशी ०६१५ वाजता न सांगता गेलो. काका घरामागच्या वाडीत होते. चिकूच्या फांदीवरून दोरी टाकलेली, एक टोक उजव्या मनगटाला. दुसरे टोक ते डाव्या हाताने ओढत होते.

"एकेचाळीस... बेचाळीस..."

"हवालदार, थम!"

ते थांबले. चेहरा पांढरा पडला होता.

"दहा रंगरुटाला ठीक," ते म्हणाले. "मी शंभर करतो."

"दुखतंय?"

"नाही."

मी मनगटाची दोरी सोडली. आवाजाने रोझी बाहेर आली. तिने दोरी पाहिली, मग मला.

"माझ्यावर संशय घेतलात ना?"

"घेतला. चुकलो."

"मीपण घेतला. या आत, चहा टाकते. आणि पप्पा, ती दोरी इकडे द्या!"

सूज उतरायला दहा दिवस गेले. तेवढे दिवस हातातून गेले.

मृतांच्या दिनानंतर शिर्के साहेबांना पत्र लिहिले:

"आदरणीय साहेब, जय हिंद. काल नाईक बस्त्याव यांच्या कबरीवर गेलो. काकांचा हात गालापर्यंत आला, पुढे जाईना. ते जोर लावू लागले, मी थांबवले. तेव्हा त्यांनी मान खाली आणली आणि कपाळ बोटांना टेकवले. ड्रिलमध्ये हे बसत नाही. मी सावधानमध्ये उभा राहिलो."