नानांच्या खोलीतला वास

“धुवायचं नाई आता. काढा अन् वरच्या खोलीत लावून द्या,” गजाननभाऊंनी मला उंबऱ्यातच सांगितलं.

माझं मलकापूरला एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी जवळच्याच एका गावात गजाननभाऊंकडे शिफ्टिंगच्या कामाला गेलो होतो. शिफ्टिंग म्हणजे एसी एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत बसवायचा. काम मेहनतीचं, डोकं फारसं लागत नाही. पण याच उन्हाळ्यात बसवलेला नवाकोरा एसी ऐन मे महिन्यात काढायला सांगतात म्हटल्यावर मला विचारल्याशिवाय राहवेना.

“काऊन काढता भाऊ? थंड करत नाई का?”

“थंड तं लय करते. पण खोली वास मारते.”

“एसी धुतला का?”

“दोनदा धुवून झाला. एसीचा नाई हो तो वास.” भाऊंनी आवाज खाली केला. “नानाचा हाय.”

नाना म्हणजे त्यांचे वडील. त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं आणि लघवीची पिशवी लावलेली होती. ते दवाखान्यातून घरी येणार म्हणून त्यांच्यासाठीच हा एसी घेतला होता. म्हणजे त्या खोलीत नाना आणि एसी एकदमच आले, आणि मागोमाग वास आला. पिशवी दिसत होती, वास येत होता, घरच्यांनी पुढे काही शोधलंच नाही. आता नानांची खाट मागच्या टिनाच्या खोलीत जाणार होती आणि एसी वर भाऊंच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी टिनाखाली भाकर ठेवली तर शेकून निघेल.

मी आत गेलो. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला. त्यांचे ओठ सुकले होते.

“नाना, पाणी घ्या थोडं,” मी म्हणालो.

“नाई बाप्पा. पाणी पेलं का पिशवी भरते. पिशवी भरली का घरात वास सुटते. म्या पेनंच कमी केलं.”

मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही, पण आला. ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टर पाणी प्या, पाणी प्या म्हणून सांगतात, आणि हा म्हातारा घरच्यांच्या नाकापायी तहानलेला पडून होता. मी हातातला पाना परत हत्यारांच्या पिशवीत टाकला.

“भाऊ, एसी काढतो. पण आधी वास पाह्यतो.”

“त्यात काय पाह्यता? नाक नाई का तुमाले?”

“हाय म्हणूनच म्हणून राह्यलो.”

एसीच्या वासाचे ठरलेले प्रकार असतात. फिल्टर तुंबला की ओल्या मोज्यांसारखा वास येतो. कॉइलवरून गळणारं पाणी खालच्या ट्रेमध्ये जमतं. त्या ट्रेमध्ये बुळबुळ धरली की खोली कुबट होते. पाल नाहीतर उंदीर आत मेला असेल तर मेकॅनिकची गरजच नाही, शेजारीसुद्धा सांगतात. आणि लोक ज्याला फार घाबरतात तो एसीतला गॅस, त्याला वास जवळजवळ नसतोच.

मी झाकण उघडलं. फिल्टर स्वच्छ, कॉइल चकचकीत, ट्रे साफ. आधी जो कोणी येऊन गेला होता त्याने काम चोख केलं होतं. आणि तरी वास होता. आंबूस, उग्र, नाकात झोंबणारा.

एसी बंद करून खिडक्या उघडल्या. वास गेला. मग खिडक्या लावून घेतल्या, एसी बंदच ठेवला, आणि नानांच्या खाटेशेजारी बसून राहिलो. आम्ही दोघं घामाने निथळलो, पण वास काही येईना. नंतर मी आणि भाऊंनी नानांना खाटेसकट ओसरीत आणलं, खोलीचं दार लावलं आणि आत एसी चालू ठेवला. भाऊंच्या घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या. चहा झाल्यावर मी त्यांना म्हणालो, “वहिनी, जरा आत जाऊन या.”

त्या नाकाला पदर लावूनच बाहेर आल्या.

“येऊन राह्यला वास?”

“हाव. तसाच.”

“अन् नाना कुठी हायत?”

वहिनींनी ओसरीतल्या खाटेकडे पाहिलं. भाऊंनी कपबशी खाली ठेवली.

वास मशीनमधून येत होता आणि मशीन तर स्वच्छ होतं. मग एकच रस्ता उरत होता, ड्रेन पाइप. ट्रेमधलं पाणी ज्या नळीने घराबाहेर पडतं ती ही. लोकांना वाटतं की यातून पाणी फक्त बाहेर जातं. पण आतला पंखा सारखी हवा ओढत असतो. पाइपात पाणी थोडं, मोकळी जागा बरीच. त्यामुळे पाइपच्या बाहेरच्या तोंडाशी जी हवा असेल, तीही उलटी आत ओढली जाते.

मी घरामागे गेलो. पाइप भिंतीवरून खाली उतरला होता. त्याला वेगळा तुकडा जोडून तो थेट गोठ्यापर्यंत नेलेला होता, आणि तिथे निळ्या ड्रमच्या झाकणाला भोक पाडून आत सोडला होता. मी झाकण उचललं. आत म्हशींसाठी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजत पडली होती.

“हे कोनं केलं?”

“म्याच,” भाऊ म्हणाले. “नळ कधी येते त्याचा भरोसा नाई. एसीचं पाणी मोरीत वाया जाऊन राह्यलं होतं. म्हटलं, ढेपीले कामी येईन.”

डोकं चांगलं चालवलं होतं, हे मला मानावं लागलं. पण ड्रम कधी पूर्ण रिकामा होत नव्हता. जुन्या ढेपीवर नवी पडत होती आणि उन्हाने तळातली आंबून गेली होती. गोठ्यात हा वास कोणाला खुपत नाही, तो तिथलाच. बंद, गार खोलीत तोच वास कोणाला ओळखू आला नाही.

भाऊंना तरीही पटेना. “इतक्या दूरून खोलीत कसा जाईन हो?”

आम्ही नानांना परत आत नेऊन निजवलं. मग मी वहिनींकडे उदबत्ती मागितली, गोठ्यात येऊन पाइप ड्रममधून उपसला आणि पेटती उदबत्ती त्याच्या तोंडाशी धरली. धूर वर जायचा सोडून पाइपात शिरायला लागला. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. थोड्याच वेळात खोलीतून नानांचा आवाज आला, “उदबत्ती कोनं लावली व? आज काय पूजा हाय?”

त्यांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. मी तिथेच गोठ्यात टाळी वाजवली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल. वहिनी हसल्या आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. भाऊ कपाळाला हात लावून ड्रमकडे बघत राहिले.

काम मग सोपं होतं. जोडलेला तुकडा कापला. पाइपला खाली इंग्रजी यूसारखा बाक दिला, म्हणजे त्यात पाणी साचून राहतं आणि हवेचा रस्ता बंद होतो. टोक उघड्या बादलीच्या वर लटकतं ठेवलं. “पानी वापरा, पण बादलीनं नेऊन ढेपीत टाका,” असं बजावलं. पाइप आतून धुतला, ड्रमही घासायला लावला. संध्याकाळी खिडक्या लावून, एसी चालू करून सगळे नानांच्या खोलीत बसलो. गार हवा, बाकी काही नाही. वहिनींनी तांब्या पुढे केला आणि नाना गटागटा प्यायले.

भाऊ खाटेच्या कडेला बसले. “नाना, चुकलंच आमचं. एसी इथंच राह्यते.”

“राह्यतेच,” नाना म्हणाले. “अन् तुले वर गरमी होत असन तं खाली येत जा झोपाले. लहानपणी तू रोज अंथरून ओलं करत होता. म्या कधी तुले टिनाखाली नाई टाकलं.”

माझं शिफ्टिंगचं काम बुडालं ते बुडालंच. पण तेव्हापासून वासाची तक्रार आली की पाइपचं दुसरं टोक कुठे गेलंय ते मी आधी बघतो. घरातल्या माणसांवर संशय घ्यायचाच असेल, तर तो सगळ्यात शेवटी घेतो.