मास्तरांनी माप घेतलं

"त्याचं माप घेतलं" एवढं कुणी म्हटलं, की आमच्या चर्चच्या मंडळीत पुढचं सांगावं लागत नाही. मुलाच्या आईचे डोळे भरून येतात, बापाला घाम फुटतो आणि मुलगा पुढचे दोन रविवार उपासनेला यायचं टाळतो. माप घेणारे आमचे हे. शिंपी असल्यामुळे सगळेच त्यांना मास्तर म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना आणखीही बरंच काही म्हणते, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चर्चच्या मागच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. दोन मशिनं, कापड बेतायचं एक लांब टेबल, आणि भिंतीला खुंट्याच खुंट्या. पँटी, सदरे, शाळेचे गणवेश शिवतो त्यावर घर चालतं, आणि पाळकांचे झगे शिवतो ते ह्यांची हौस म्हणून. सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीला दोन वर्षं पाळकच नव्हता. महिन्यातून एकदा कुणीतरी पाहुणा यायचा. लग्नं अडायची. एका बाळाचा बाप्तिस्मा इतका लांबला, की शेवटी ते बाळ स्वतःच्या पायांनी चालत पुढे गेलं आणि "पाणी गार आहे का?" असं विचारून बसलं. त्याच आठवड्यात ह्यांनी पंच कमिटीत उभं राहून सांगितलं, की पाळक काही आकाशातून पडत नाहीत, कुणाच्या तरी घरातूनच निघतात, तेव्हा शोधायला हवेत. आमच्याकडे जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. पडलं.

तेव्हापासून सात जण आमच्या दुकानातून सेमिनरीला, म्हणजे पाळक व्हायच्या शाळेला, गेले. पाच मुलगे, दोन मुली. सातही जण आज कुठे ना कुठे मंडळी सांभाळतात, आणि झगा उसवला की पार्सलनं इकडेच पाठवतात.

ह्यांची पद्धत ठरलेली आहे. रविवारी शेवटच्या बाकावर बसायचं आणि तरुण पोरांकडे बघत राहायचं. कोण म्हाताऱ्यांना गीतपुस्तकातलं पान काढून देतं, उपासना संपल्यावर खुर्च्या कोण रचतं, कुणाला लहान मुलं चिकटतात. मनात भरलं की त्या पोराला काहीतरी निमित्त काढून दुकानात बोलवायचं आणि सरळ झग्याचं माप घ्यायचं. खांदा, छाती, बाही, उंची. पोरगा बिचारा म्हणतो, "काका, मी शर्टाचं बटण लावून घ्यायला आलो होतो." हे वहीत आकडे लिहितात आणि म्हणतात, "असू दे. लागेल कधीतरी." बस्स, एवढंच. पुढे एक शब्द नाही. एक मुलगा तेव्हा जो दारातून पळाला, तो आता बँकेत साहेब झालाय, पण ह्यांना बघितलं की अजून रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

जे पळत नाहीत ते सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी त्या लांब टेबलाभोवती बसतात. चालत्या मशिनीच्या आवाजात शास्त्रपाठ वाचायचा, शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. पाच ओळींत प्रार्थना लिहायची, कारण ह्यांच्या मते देवाकडे वेळ असतो, आजारी माणसाकडे नसतो. रुग्णालयात जाऊन एकाच खाटेपाशी तासभर बसायचं आणि आपलं काही सांगायचं नाही. ह्यात भलेभले गळतात.

आणि शेवटी मुलाखतीचा सराव. ते खातं माझं. मी निवड समितीची अध्यक्ष बनते. ह्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवते, पुढ्यात कोरे कागद घेते आणि पोरांना सळो की पळो करून सोडते. पहिल्या सरावाला प्रश्न मी विचारला की उत्तर हेच द्यायचे. मग मी नियम केला, की सरावाच्या वेळी मी कुणाची काकू नाही आणि कुणाची बायको नाही. मी अध्यक्ष. मास्तर दारापाशी उभे राहून नावं पुकारणारे शिपाई, आणि शिपायानं तोंड उघडायचं नाही. खरं सांगते, हे काम मला फार आवडतं. सातही जणांनी परत येऊन सांगितलंय, की काकू, तुमच्यानंतर खरी समिती म्हणजे अगदीच गरीब वाटली.

आता भोंग्याची गोष्ट. भोंगा म्हणजे वीजवाल्याचा मुलगा, वय तेवीस. आवाज असा, की त्यानं स्तोत्र वाचायला घेतलं की बाहेर उभ्या गाड्यांच्या काचा हलाव्यात. उंचपुरा, हसतमुख, पाठांतर चोख. हे त्याच्यावर पार भाळले होते. "खांदे बघ त्याचे," मला म्हणायचे, "झगा असा पडेल!" सोळाव्या वर्षीच त्याचं माप घेतलेलं, आणि दर वर्षी वाढत्या उंचीप्रमाणे वहीत दुरुस्ती. बापानं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेलं, की आमचा मुलगा पाळक होणार.

त्याला स्कूटरवर घेऊन यायची त्याची थोरली बहीण. ती औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून सगळे तिला औषधवाली म्हणतात. भावाचा वर्ग संपेपर्यंत ती टेबलाच्या टोकाला बसून त्याचे अर्ज तपासायची, चुका काढायची आणि माझ्याशी वाद घालायची. एकदा सरावात मी भोंग्याला विचारलं, "एका घरात तरुण मुलगा गेलाय. तू दारात उभा आहेस. आईला काय म्हणशील?" भोंग्यानं चार वचनं अशी म्हटली, की हे दारात उभ्या उभ्या डोळे पुसायला लागले. औषधवाली अर्जावरची मान वर न करता म्हणाली, "मी आधी विचारीन, कालपासून पोटात काही गेलंय का." मी पेन खाली ठेवलं. ह्यांना काही ऐकूच गेलं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं भोंगा दुपारचा एकटा आला. मी काजं करत होते. बराच वेळ तो रिळं इकडची तिकडे करत बसला, आणि मग म्हणाला, "काकू, मला नाही जायचं. मला बाबांबरोबर वायरिंगचं काम करायला आवडतं. रविवारी वाचायला सांगा, जन्मभर वाचीन. पण पाळक नाही व्हायचं."

"मग सांग की काकांना."

"सात वर्षं सांगायचं ठरवतोय. त्यांचा चेहरा बघितला की तोंडच उघडत नाही. तुम्हीही सांगू नका, शपथ आहे."

त्याच संध्याकाळी मी औषधवालीला चहा दिला आणि आडून विचारलं, कामावरून सुटल्यावर उशीर का होतो? तर कळलं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची औषधं ही स्वतः घरी पोचवते. तिथे बसते, त्यांना दोन ओळी वाचून दाखवते, कुणी म्हटलं तर प्रार्थना करते. चार वर्षं चाललंय हे. मग तिनं पर्स उघडली आणि सेमिनरीचा अर्ज काढला. पेन्सिलीनं भरलेला, घड्यांवर फाटायला आलेला.

"काका माझं माप घेतील असं वाटलं होतं," ती हसून म्हणाली. "दोनदा मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. एकदा त्यांनी मला बाजूला हो म्हटलं, उजेड अडत होता."

मी हसले, पण मनात दिवस मोजायला लागले. कारण वेळ कुठे होता? एका मंडळीकडून वर्षाला एकच नाव जातं. अर्ज शनिवारी पाठवायचे होते. सेमिनरीत वयाची मर्यादा अठ्ठावीस, आणि पुढच्या महिन्यात तिला अठ्ठावीस पूर्ण होणार होती. ह्या शनिवारी भोंग्याचं नाव गेलं असतं, तर तो सेमिनरीची चार वर्षं खोटं वागत राहिला असता आणि हिचं दार कायमचं बंद झालं असतं.

मी ह्यांच्याजवळ विषय काढून बघितला. "अहो, भोंग्याला जायचंय का, हे त्याला कधी विचारलंत?"

"देवाचं पाचारण असं विचारून कळतं का? मोशेला कुणी विचारलं होतं?"

"मोशे नाही नाही म्हणत होता, आणि देवानं त्याचं ऐकून तरी घेतलं. तुम्ही तेही करत नाही."

हे फुगले. दुसऱ्या दिवशी आमच्यात फक्त कात्री दे आणि कात्री घे एवढंच बोलणं झालं. मीही कमी नाही. शपथ होती, म्हणून सांगणार नव्हते. पण विचारायला मला कुणी बंदी केली नव्हती.

गुरुवारी शेवटचा सराव होता. मी चष्मा चढवला, कागद सरळ केले. शिपायानं भोंग्याचं नाव पुकारलं. तो येऊन बसला. मी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारलं, "तुम्हाला पाळक व्हायचंय का?"

त्या आवाजाच्या माणसाला आवाज सापडेना. दारातून हे म्हणाले, "अगं, हा कसला प्रश्न?"

"शिपायानं बोलायचं नाही," मी म्हणाले. "उमेदवार, उत्तर द्या."

"नाही," भोंगा म्हणाला. इतक्या हळू त्याला बोलताना आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. मग एकदा बोलायला लागल्यावर तो थांबेचना. वायरिंग, बाबा, सात वर्षं, सगळं सांगितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही माझ्यावर एवढी माया केलीत, मला लाज वाटत होती हो."

ह्यांचा चेहरा मला बघवेना. वाटलं, माझं जरा जास्तच झालं. पण अध्यक्षाला मध्येच उठता येत नाही. मी म्हणाले, "पुढच्या उमेदवाराला बोलवा."

"पुढचा कुणी नाही," हे कसंबसं म्हणाले.

"टेबलाच्या टोकाला बसलीय."

औषधवाली भावाच्या खुर्चीत येऊन बसली. मी तिला सोडलं नाही हं, सगळे वाकडे प्रश्न विचारले. मंडळीतले दोन भाऊ बोलत नसतील तर? "दोघांकडे वेगवेगळं जेवायला जाईन आणि एकाचं दुसऱ्याला सांगणार नाही." प्रवचनात लोक झोपले तर? "थोडक्यात आटपीन. दमलेली असतील." देवावरचा तुझाच विश्वास डळमळला तर? "डळमळतो," ती म्हणाली. "तेव्हा मी ज्यांना औषधं पोचवते त्या आजींकडे जाते. त्यांना वाटतं मी त्यांना धीर द्यायला आलेय."

मग दारातून आवाज आला. "अध्यक्षबाई, शिपायानं एक प्रश्न विचारला तर चालेल का?"

"विचारा."

हे तिच्यासमोर आले. हातात माप घ्यायची टेप नव्हती. "पोरी, तुला जायचंय का?"

"हो, काका," ती म्हणाली, आणि मग मात्र रडली. भोंग्यानं तिला मिठी मारली आणि असा काही ओरडला, की समोरच्या घरातली खिडकी उघडली. हे खाली बसले, चष्म्यासाठी खिसे चाचपायला लागले. तो माझ्या नाकावर होता. "मी इतकी वर्षं त्याच्याकडेच बघत बसलो," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वीजवाल्याला सांगायला हे स्वतःच गेले. तो मुलाला एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी सहाला तयार राहा, शाळेच्या पंख्यांचं काम आहे."

शुक्रवारी तिनं अर्ज शाईनं लिहिला, शनिवारी तो गेला. तीन आठवड्यांनी खरी मुलाखत झाली. निकालाचा फोन तिच्या दुकानावर आला, आणि आम्हाला निकाल भोंग्याकडून कळला. त्यासाठी त्याला फोन करायची गरज पडली नाही, चौकातूनच ऐकू आलं. तिची निवड झाली होती, आणि समितीनं कळवलं होतं, की यंदा अशी उमेदवार दुसरी नाही. त्या संध्याकाळी दुकानात इतकी माणसं जमली, की खुंट्यांवरचे निम्मे कपडे खाली आले. हे सगळ्यांना सांगत होते, "मी शोधली नाही. ही होतीच. मलाच दिसली नाही." असं स्वतःबद्दल बोलताना मी त्यांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मंडळी पांगली, आम्ही दोघं कपडे घड्या करत उरलो. हे मध्येच थांबले.

"अगं, तुला कधी जायचं होतं का?"

मी हातातला सदरा खाली ठेवला. एकोणिसाव्या वर्षी मला जायचं होतं. तेव्हा मुलींना घेत नव्हते. मी आमच्या पाळकांना विचारलं, तर त्यांनी हसून मला लहान मुलांचा वर्ग दिला. पुढे लग्न झालं, दुकान झालं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. त्या दिवशी सांगितलं. हे ऐकत राहिले. एकदाही मध्ये बोलले नाहीत.

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. मंडळीत प्रवचन करणाऱ्या उपदेशकांचा अभ्यासक्रम, वर्षभर, दर शनिवारी. "आपल्या चर्चच्या पाळकबाईंकडून आणलाय," म्हणाले. "वयाची मर्यादा लिहिलेली नाही. दोनदा वाचला."

"अहो, एकसष्ट वर्षांची आहे मी."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, अजून जायचंय का?"

मी हो म्हणाले. मला वाटलं हळूच म्हणाले, पण रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून आत बघायला लागली.